संपावर जायचंय? आधी कॅलेंडर काढा

संप बेकायदेशीर ठरला, असं ऐकू आलं की खोदून विचारा. बऱ्याचदा कारण एकच निघतं, तारीख चुकली. मागण्या रास्त असतात, माणसं एकजुटीची असतात, आणि नोटिशीचा एक कागद सगळं घालवून बसतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा तारखांना दिली आहे. हे सगळं खासगी कारखाने आणि कंपन्यांतल्या कामगारांसाठी आहे. सरकारी कर्मचाऱ्यांचं गणित वेगळं: त्यांच्या वर्तणूक नियमांतच संपाला बंदी आहे, आणि त्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं आहे.

कायदा कोणता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्या पोटात गेला. जुन्या केंद्रीय कायद्यात संपाच्या नोटिशीची सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. आता ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा कायद्यामुळे चौदा दिवसांची सवय आधीपासून होती. त्यात आणखी एक अट आहे, ती म्हणजे मान्यताप्राप्त संघटना असेल तर नोटीस देण्याआधी सभासदांचं बहुमताचं मतदान. दोन्ही कायद्यांच्या अटी पाळल्या तर काही बिघडत नाही. मतदान हात वर करून घेऊ नका. चिठ्ठ्या, मतमोजणीचा कागद, हजर सभासदांच्या सह्या, सगळं एका पाकिटात सीलबंद ठेवा. पुढे कोर्टात ‘बहुमत होतं कशावरून?’ हा प्रश्न हमखास येतो.

नोटीस देण्याआधी तुम्ही स्वतः ‘कामगार’ या व्याख्येत बसता का तेही पाहा. सुपरवायझरचं काम आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार असेल तर संहितेनुसार तुम्ही कामगार नाही. अप्रेंटिस तर कायद्याने प्रशिक्षणार्थीच. त्यांना संपात ओढू नका, त्यांचं नुकसान सगळ्यात आधी होतं. कंत्राटी कामगाराचा मालक कंत्राटदार असतो, म्हणून त्यांची नोटीस कंत्राटदाराच्या नावाने आणि प्रत मूळ कंपनीला.

आणि ‘संप नाही हो, सगळ्यांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली’ ही जुनी युक्ती आता चालत नाही. निम्मे किंवा त्याहून जास्त कामगार ठरवून एका दिवशी रजेवर गेले तर संहिता त्याला संपच म्हणते.

तारखेचं गणित

संहितेचं कलम ६२ असं सांगतं: नोटीस दिल्यापासून चौदा दिवसांच्या आत संप नाही, नोटिशीत लिहिलेली तारीख उलटण्याआधी संप नाही, आणि नोटीस साठ दिवसांपेक्षा जुनी झाली तर ती मेली.

समजा, नोटीस २ मार्चला दिली. चौदावा दिवस १६ मार्च. म्हणजे १७ मार्चच्या आधी काम बंद करता येत नाही. साठावा दिवस १ मे. तोवर संप सुरू झाला नाही तर नवी नोटीस. दिवस मोजताना नोटीस कंपनीच्या हातात पडली तो दिवस धरा, तुम्ही टाइप केली तो नाही. कायद्याचे शब्द ‘ती तारीख संपण्यापूर्वी’ असे आहेत, म्हणून नोटिशीतल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाळीपासून सुरुवात करणं सुरक्षित.

खरी गोम पुढे आहे. नोटिशीची प्रत गेली की समेट अधिकारी, म्हणजे मालक आणि कामगारांत तडजोड घडवणारा कामगार खात्याचा अधिकारी, दोन्ही बाजूंना बोलावतो. त्याची पहिली बैठक झाली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं कायदा मानतो, आणि ती चालू असेपर्यंत व संपल्यानंतर सात दिवस संपाला बंदी. वरच्याच उदाहरणात पहिली बैठक ९ मार्चला झाली तर १७ मार्चचा मुहूर्त गेला. संपाची नोटीस असेल तेव्हा अधिकाऱ्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणजे २३ मार्च, त्यावर सात दिवस, ३० मार्च. बाकी काही आडवं आलं नाही तर काम बंद करायचा पहिला दिवस ३१ मार्च. म्हणून नोटिशीत पहिली शक्य तारीख घाईने टाकू नका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली टाका, ती साठ दिवसांतही बसते.

आडवं येतं ते हे: अहवालानंतर नव्वद दिवसांत कोणतीही बाजू न्यायाधिकरणात अर्ज करू शकते, आणि खटला चालू असताना व निकालानंतर साठ दिवस पुन्हा बंदी. कंपनीच्या वकिलाला हे ठाऊक असतं; त्या सात दिवसांतच अर्ज येऊ शकतो. सात दिवस रोज न्यायाधिकरणाच्या कार्यालयात माणूस पाठवून अर्ज दाखल झाला का ते विचारा. हा नियम संपाचा हक्क कागदावरच ठेवतो अशी संघटनांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही.

पगारवाढीचा करार चालू असेल तर त्यात आलेल्या विषयांवर संप नाही. करारात नसलेल्या विषयावर करता येतो. मागणीपत्र लिहिताना करार शेजारी उघडा ठेवा. करारात आलेला एक मुद्दा चुकून मागणीपत्रात घुसला तर कंपनी नेमका तोच धरते.

चूक झाली तर किंमत काय? बेकायदेशीर संपात भाग घेतला तर १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला दंड १०,००० ते ५०,०००. अशा संपाला जाणूनबुजून पैसे पुरवणंही गुन्हा आहे. १९७१ च्या कायद्यात मात्र एक दार उघडं आहे: न्यायालयाने संप बेकायदेशीर जाहीर केल्यावर ४८ तासांत मागे घेतला, तर त्या कायद्यापुरता तो बेकायदेशीर धरला जात नाही. ४८ तास म्हणजे कॅलेंडरवरच्या दोन तारखा नव्हेत, घड्याळाचे तास. आदेश किती वाजता झाला ते लिहून ठेवा.

नोटीस हातात कशी द्यायची

नोटीस संघटनेच्या लेटरहेडवर, ठरलेल्या नमुन्यात, सचिव आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सह्यांनी. मागण्यांना क्रमांक द्या. मूळ प्रत कंपनीच्या आवक विभागात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ, सही. सिक्युरिटी केबिनमध्ये ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणतील. उद्या येऊ नका. तिथूनच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, त्याच दिवशी पोहोच-पावतीसह स्पीड पोस्ट करा, आणि नोटीस हातात धरून गेटच्या पाटीसह फोटो काढा. एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याला. बँका, विमा, रेल्वे, प्रमुख बंदरं, खाणी यांना केंद्राचं कामगार आयुक्तालय लागतं, राज्याचं नाही. चुकीच्या कार्यालयात गेलेली प्रत म्हणजे फुकट गेलेले दिवस.

काम बंद करण्याआधीचा आठवडा

लॉकर रिकामा करा. नेमणूकपत्र, वर्षभराच्या पगार पावत्या, ईएसआयसी कार्ड, पीएफचा यूएएन, सगळ्याचे फोटो घरच्यांच्या फोनवर पाठवा. गेट बंद झालं की कपाटातला कागद महिनोन्महिने मिळत नाही.

शेवटच्या पाळीला मशीन नियमाप्रमाणे बंद करा. भट्टी, बॉयलर, अमोनियाचा कॉम्प्रेसर असं काही असेल तर ते सुरक्षित बंद करायला किती तास आणि किती माणसं लागतात ते कंपनीला आधी लेखी कळवा. लॉगबुकात वेळ लिहा, किल्ल्या आणि गेजेस सही घेऊन परत करा. नुकसान झाल्याचा आरोप पुढे नेत्यांवर येतो, आणि तेव्हा लॉगबुकातली एक ओळ कामाला येते.

पैशांचं स्पष्ट बोला. काम नाही तर पगार नाही, हा नियम. संप कायदेशीर आणि रास्त, दोन्ही ठरला तरच त्या दिवसांचा पगार मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं. नोटिशीशिवाय दहा किंवा जास्त जण ठरवून गैरहजर राहिले तर नेमणुकीच्या अटींनुसार आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. आत बसून काम न करणंही गैरहजेरीच. पतपेढीचा हप्ता पगारातून जातो, तो थांबणार. पतपेढीला आधी पत्र द्या. बँकेचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर दोन हप्त्यांची रक्कम खात्यात ठेवा, नाहीतर परत गेल्याचा दंड वेगळा. ईएसआयसीचा आजारपणाचा भत्ता संपाच्या दिवसांना सहसा मिळत नाही, आणि एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली नाही तर पुढचाही हक्क जातो. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे दिवस आधी मोजा.

गेटवर

मंडपाची आणि लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून लेखी घ्या. रात्री दहानंतर स्पीकर बंद. कंपनीकडे गेटपासून अमुक मीटर दूर राहण्याचा मनाई आदेश असेल तर टेप आणून अंतर मोजा आणि चुन्याची रेघ मारा. मंडप रेघेच्या बाहेर, गेटपासून लांबच्या बाजूला.

गाडी अडवायची नाही, कामावर जाणाऱ्याचा हात धरायचा नाही. बोलणं, पत्रक देणं, हात जोडणं चालतं. घेराव, मुद्दाम मंद काम, सुटी झाल्यावर आवारात बसून राहणं, अधिकाऱ्याच्या घरासमोर निदर्शनं, हे सगळं कायद्याने संघटनेच्या अनुचित प्रथांमध्ये येतं. शिवाय रस्ता अडवला की भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ लागतं.

मंडपात हजेरीची वही ठेवा: नाव, टोकन नंबर, येण्याची-जाण्याची वेळ, सही. गुन्हा दाखल होतो तेव्हा प्रमुख कार्यकर्त्यांची नावं सरसकट घातली जातात. त्या वेळी माणूस कुठे होता ते ही वही सांगते. पोलिसांची जुन्या भाषेतली ‘१४९ ची नोटीस’ आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. घ्या, तारीख टाकून सही करा, फोटो वकिलाला पाठवा. अटक झालीच तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेणं बंधनकारक आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर शिवीगाळ, ‘बघून घेऊ’ची भाषा बंद. चार्जशीटला जोडलेले स्क्रीनशॉट आपल्याच ग्रुपमधले असतात.

कंपनीकडून घरी पत्र येईल: ‘कामावर हजर व्हा, अन्यथा नाव कमी करू.’ पत्र नाकारू नका आणि गप्पही बसू नका. अमुक तारखेच्या नोटिशीनुसार संपावर आहे, नोकरी सोडलेली नाही, एवढं दोन ओळींत लिहून पोस्टाने पाठवा, पावती जपा. कायदेशीर संपाच्या काळात नवी भरती करणं आणि संपात भाग घेतला म्हणून काढणं ही मालकाची अनुचित प्रथा आहे. १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवसांची.

परत जाताना

करार शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर करा. तिथे झालेला करार कंपनीतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो. बाहेर केलेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. पगारवाढीच्या आकड्यावर सगळ्यांचं लक्ष असतं आणि बाकीची कलमं घाईत सुटतात. सेवेत खंड नाही, निलंबनं आणि चार्जशीट मागे, संपाचे दिवस रजेत वळते की भरपाईच्या पाळ्या, हे सगळं लिहून घ्या. पोलीस केस कंपनी नुसती ‘मागे घेऊ’ म्हणून मागे जात नाही. गुन्हा रद्द करायला कंपनीची हरकत नाही आणि ती तसं प्रतिज्ञापत्र देईल, असं वाक्य करारात हवं.

गेटवर ‘चांगल्या वागणुकीच्या’ हमीपत्रावर एकेकाची सही मागतील. कायदेशीर संपानंतर अशी अट घालणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. सही करू नका, पण भांडूही नका. सगळे मिळून पाळीच्या वेळेला गेटवर उभे राहा, वेळेसह फोटो काढा, आणि ‘आम्ही कामावर हजर झालो, आत घेतलं नाही’ असं पत्र नावं आणि टोकन नंबरांसह त्याच दिवशी कंपनीला व समेट अधिकाऱ्याला द्या. त्या दिवसापासून पगार कुणामुळे बुडाला, ते या पत्रावरून ठरतं.