व्हर्च्युअल डेस्कटॉपची नवी सोय चालू करताना या चुका टाळा

वेगवेगळ्या कार्यालयांच्या व्हर्च्युअल डेस्कटॉप (म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा आणि आपल्या पडद्यावर उघडणारा डेस्कटॉप) यंत्रणा सांभाळताना मला एक वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागले आहे की आता फोन वाजला तरी ते आधीच कानात घुमते: "आम्ही काहीच बदललेले नाही सर, फक्त ते नवीन फीचर चालू केले." या 'फक्त'मागे बहुधा अर्ध्या दिवसाचे काम दडलेले असते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१९ मध्ये विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप सर्वांसाठी खुला केला आणि २०२१ मध्ये त्याचे नाव ॲझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप असे ठेवले. तेव्हापासून त्यात ऑटोस्केल, ॲप अटॅच, वॉटरमार्क, सेशन होस्ट अपडेट अशा सोयींची भर पडत गेली. पोर्टलवर यातील बऱ्याच सोयी चौकोनात टिचकी मारली की चालू होतात, त्यामुळे त्या तितक्याच सोप्या असाव्यात असा समज होतो. पुढे लिहिलेल्या चुका मी स्वतः पाहिलेल्या आहेत आणि त्यांतील एक-दोन मी स्वतः केलेल्याही आहेत.

ऑटोस्केलचे वेळापत्रक घड्याळ न पाहता लावणे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. ऑटोस्केल होस्ट, म्हणजे लोकांचे डेस्कटॉप ज्यांवर चालतात ती यंत्रे, गरजेनुसार आपोआप चालू-बंद करते. त्याच्या स्केलिंग प्लॅनमध्ये दिवसाचे चार भाग असतात. रॅम्प-अपमध्ये होस्ट हळूहळू चालू होतात, पीकमध्ये गर्दीची वेळ सांभाळली जाते, रॅम्प-डाउनमध्ये होस्ट कमी केले जातात आणि ऑफ-पीकमध्ये मोजकेच होस्ट जागे राहतात. रॅम्प-डाउनमध्ये 'फोर्स लॉगऑफ' चालू असेल, तर बंद करण्यासाठी निवडलेल्या होस्टवरील लोकांना आधी सूचना दिसते आणि ठरवलेली मिनिटे संपली की त्यांचे सेशन संपवले जाते. खर्च वाचवण्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे, याबद्दल माझे दुमत नाही.

पुण्यातील एका कंपनीत दिवसा स्थानिक ग्राहकांचे आणि रात्री अमेरिकेतील ग्राहकांचे काम चालत असे. तेथील नव्या ॲडमिनने एका गुरुवारी दुपारी प्लॅन लावला. त्याने सकाळी ८ वाजता रॅम्प-अप, संध्याकाळी ७ वाजता रॅम्प-डाउन आणि १५ मिनिटांच्या सूचनेनंतर फोर्स लॉगऑफ असे ठरवले होते. त्या रात्री पाऊण वाजता रात्रपाळीतील काही जणांची सेशन्स अचानक संपली आणि अर्धवट भरलेले फॉर्म हातचे गेले. शुक्रवारी सकाळी वेगळीच तक्रार आली. साडेनऊला येणाऱ्या मंडळींना लॉगिन व्हायला इतका वेळ लागत होता की ती चहा घेऊन परत आली तरी पडद्यावर 'वेलकम' हाच शब्द दिसत होता. रात्रीची तक्रार रात्रीच्या हेल्पडेस्कने लिहून ठेवली आणि सकाळची तक्रार सकाळच्या हेल्पडेस्कने. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानात आले नाही. दुपारपर्यंत सगळे जण स्टोरेजवर संशय घेत होते, आणि मला बोलावले तेही स्टोरेज तपासण्यासाठीच.

मी पहिल्यांदा हेल्पडेस्कची वही मागितली. तक्रारींच्या वेळा प्लॅनमधील वेळांशेजारी लिहून काढल्यावर सगळे उघड झाले. सातला सुरू होणारे रॅम्प-डाउन प्रत्यक्षात रात्री साडेबाराला सुरू झाले होते, आणि आठचे रॅम्प-अप दुपारी दीडला होणार होते. दोन्हीकडे फरक नेमका साडेपाच तासांचा होता. भारतात साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरे काही शोधण्याची गरज नसते. प्लॅनचा टाइम झोन यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, असा होता. यादीत थोडे खाली गेल्यावर 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' अशी ओळ मिळते. ती निवडली आणि प्रश्न मिटला, असे त्या ॲडमिनला वाटले.

प्रश्न मात्र मिटलेला नव्हता. टाइम झोन बरोबर असता, तर रॅम्प-डाउन खरोखरच संध्याकाळी सातला सुरू झाले असते, म्हणजे नेमके रात्रपाळी येऊन बसते तेव्हा. प्लॅन मुळात कार्यालयाच्या दारावरच्या पाटीवरील वेळेनुसार लावलेला होता, माणसे प्रत्यक्षात कधी काम करतात हे पाहून लावलेला नव्हता. म्हणून माझी सवय अशी आहे की प्लॅन लावण्याआधी किमान दोन आठवड्यांच्या नोंदींतून दर तासाला किती सेशन्स चालू होती हे काढायचे आणि ते चौकटीच्या कागदावर हाताने आखायचे. कागदावर आखले की महिनाअखेरीचा आणि शनिवारचा उंचवटा डोळ्यांत भरतो. पहिला महिनाभर मी फोर्स लॉगऑफ बंद ठेवतो. त्यामुळे थोडे पैसे वाया जातात हे मला मान्य आहे, पण लोकांचा विश्वास गमावण्यापेक्षा ते मला परवडते. शुक्रवारच्या रात्रपाळीचे शेवटचे तास शनिवारच्या वेळापत्रकात येतात, हेही विसरू नये.

प्लॅन लावूनही एकही होस्ट चालू-बंद होत नसेल, तर सबस्क्रिप्शनच्या पातळीवर ॲझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप सेवेला 'डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन पॉवर ऑन ऑफ काँट्रिब्युटर' ही भूमिका (होस्ट चालू-बंद करण्याचा अधिकार) दिली आहे का, ते आधी पाहावे.

जुन्या सल्ल्यावर नवी सोय बसवणे

दुसरी चूक अधिक शांतपणे नुकसान करते. एफएसलॉजिक्स या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे प्रोफाइल (त्याच्या फाइली आणि सेटिंग्ज) एका आभासी डिस्कच्या फाइलमध्ये राहते. ही डिस्क साधारणतः ३० जीबी क्षमतेची आणि डायनॅमिक प्रकारची असते. वापरकर्त्याच्या फाइली वाढतात तशी ती फुगते, पण त्याने फाइली पुसल्या म्हणून ती आपोआप लहान होत नाही. या फुगवट्यावर उपाय म्हणून २२१० या आवृत्तीत डिस्क कॉम्पॅक्शनची सोय आली. वापरकर्ता लॉग आउट करतो तेव्हा पुरेशी जागा वाचण्यासारखी असेल, तर डिस्क आकसवली जाते. वेगळे काही बसवावे लागत नाही, म्हणून ही सोय आली की सगळे निर्धास्त होतात.

एका कार्यालयात ही आवृत्ती बसवून बरेच महिने झाले, तरी प्रोफाइलचे शेअर (त्या डिस्क ठेवण्याचे सामायिक फोल्डर) भरतच होते. प्रमुखांनी दोनदा जास्तीची जागा विकत घेऊन झाली होती. लॉग पाहिले तेव्हा कॉम्पॅक्शन एकदाही यशस्वी झालेले नव्हते. कारण इमेजमध्ये, म्हणजे ज्या साच्यातून होस्ट तयार होतात त्यात, होते. इमेज तयार करताना एका जुन्या 'ऑप्टिमायझेशन' स्क्रिप्टने विंडोजची 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ज' ही सेवा डिसेबल केली होती, आणि एफएसलॉजिक्सचे कॉम्पॅक्शन नेमके याच सेवेवर अवलंबून असते. ती सेवा मॅन्युअलवर असली तरी चालते, पण डिसेबल असेल तर आकसवण्याचे काम होत नाही आणि वापरकर्त्याला त्याचा थांगपत्ता लागत नाही.

आभासी यंत्रावर डिस्क डीफ्रॅग करण्यात अर्थ नसतो, म्हणून ती सेवा बंद करण्याचा सल्ला एके काळी शहाणपणाचाच होता. कॉम्पॅक्शन आल्यावर तो चुकीचा ठरला, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला पुढे काय येणार आहे हे कळणे शक्यच नव्हते. स्क्रिप्ट चालवणाऱ्याला मात्र कळायला हवे होते. दीडपट वेगाने व्हिडिओ पाहून, खाली दिलेल्या दुव्यावरची दोनशे ओळींची स्क्रिप्ट न वाचता प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारे लोक मला दर महिन्याला भेटतात, आणि त्यांना राग येत असेल तर येऊ दे, पण मी त्यांना ती स्क्रिप्ट माझ्यासमोर ओळीने वाचायला लावतो. एखादी ओळ काय करते हे सांगता आले नाही, तर ती काढून टाकायची, एवढाच माझा नियम आहे.

दुरुस्ती करतानाही घाई नडते. चालू होस्टवर सेवा बदलून उपयोग नाही, कारण पुढची इमेज आली की तोच दोष परत येतो. बदल इमेजमध्येच करावा लागतो. त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एफएसलॉजिक्सच्या ऑपरेशनल लॉगमधील ५७ क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. कॉम्पॅक्शनचे काय झाले ते तेथे दिसते. या कार्यालयात दुरुस्तीनंतरही काही डिस्क तशाच राहिल्या. ते वापरकर्ते कधी लॉग आउट करतच नव्हते. ते खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करून घरी जात, त्यांचे सेशन डिस्कनेक्ट होऊन पडून राही आणि आकसवण्याची वेळच येत नसे. डिस्कनेक्ट झालेली सेशन्स ठरावीक तासांनी संपवण्याची मर्यादा लावल्यावर उरलेली जागाही मोकळी झाली.

प्रशासकाच्या खात्याने चाचणी घेणे

"माझ्याकडे तर व्यवस्थित चालते आहे," असे म्हणणाऱ्या ॲडमिनला मी प्रथम विचारतो की त्याचे खाते 'एफएसलॉजिक्स प्रोफाइल एक्सक्लूड लिस्ट' या स्थानिक गटात आहे का. बहुतेक वेळा ते असते, आणि असायलाही हवे. पण या गटातील खात्यांना प्रोफाइलची डिस्क जोडली जात नाही, त्यामुळे त्याचे लॉगिन स्टोरेजकडे जातच नाही, आणि त्याने घेतलेली चाचणी वापरकर्त्याबद्दल काहीच सांगत नाही. मी साधे, अधिकार नसलेले खाते वेगळे ठेवतो, सकाळी गर्दीच्या वेळी त्याने लॉगिन करतो आणि डेस्कटॉप दिसेपर्यंतचे सेकंद हातातल्या घड्याळावर मोजून वहीत लिहितो. पोर्टलवरचे आलेख छान असतात, पण वही उघडायला मला लॉगिन करावे लागत नाही.

थोडक्यात उरलेल्या

वॉटरमार्क (पडद्यावर उमटणारी खूण) चालू केला की तो न समजणाऱ्या क्लायंटला, म्हणजे जोडणीच्या ॲपला, जोडणीच मिळत नाही आणि त्रुटीचा संदेशही मोघम येतो, म्हणून आधी कोण कोणत्या क्लायंटने येतो याची यादी करावी. रिमोट डेस्कटॉपच्या स्टोअरवरील ॲपचा आधार २७ मे २०२५ रोजी संपला असूनही अनेक कार्यालयांच्या सूचनापत्रकावर अजून त्याचेच चित्र छापलेले असते. होस्ट जोडण्याचे टोकन जास्तीत जास्त २७ दिवस चालते, त्यामुळे ते वहीत लिहून ठेवणाऱ्यांनी वहीचे ते पान फाडून टाकावे. आरडीपी शॉर्टपाथ (यूडीपी या जलद नेटवर्क पद्धतीने जोडणी करण्याची सोय) चालू केला म्हणजे जोडणी यूडीपीवर गेली असे धरून चालू नये. फायरवॉलवर ३४७८ हा यूडीपी पोर्ट अडवलेला असू शकतो, म्हणून सेशनच्या वरच्या पट्टीतील जोडणीची माहिती उघडून खात्री करावी. सेशन होस्ट अपडेटमध्ये जुनी यंत्रे काढून नवी बसवली जातात, तेव्हा सी ड्राइव्हवर कुणी 'तात्पुरती' ठेवलेली एक्सेलची फाइल परत मिळत नाही. आणि सिसप्रेप (इमेज बनवण्यासाठी विंडोज तयार करण्याची पायरी) करण्याआधी इमेजच्या यंत्राचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, न घेणाऱ्याबद्दल मी लिहिण्याऐवजी गप्प बसणे बरे.

यांतील बऱ्याच चुका एका छोट्या व्हॅलिडेशन होस्ट पूलमध्ये, म्हणजे चाचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या होस्टच्या गटात, लक्षात आल्या असत्या. सेवेतील बदल अशा पूलवर आधी येतात, आणि तो ठेवण्याचा खर्चही फार नसतो. माझ्या पूलमध्ये दोनच होस्ट आहेत आणि सहा माणसे तेथे रोज काम करतात. त्यांत आयटी विभागातील एकही जण नाही. लेखा विभागातील एक बाई आहेत, ज्या ब्राउझरचे तीस टॅब उघडे ठेवतात, दुपारी दोनला प्रिंट काढतात आणि काही बिनसले की पाचव्या मिनिटाला फोन करतात. त्यांचा फोन दोन आठवडे आला नाही, तरच मी ती सोय बाकीच्यांसाठी चालू करतो.