रस्त्याची दुरुस्ती: पैसा कुठून आणायचा आणि कसा द्यायचा

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो. नोकरी बहुतेक करवीर, पन्हाळा, राधानगरी इकडंच गेली. आता रंकाळ्यावर फिरायला गेलो की कुणीतरी गाठतंच: "साहेब, टॅक्स तर भरतोय, मग रस्ता का होईना?" रस्ता होतो हो. झालेला टिकवायला पैसे नसतात, तिथं घोडं अडतं. तेव्हा सरकारनं हे काम कसं करावं आणि आपण त्याला काय विचारावं, ते सांगतो.

पहिल्यांदा बजेटातले दोन आकडे ओळखायला शिका. हे खर्चाच्या खात्यांचे नंबर, सरकारी भाषेत लेखाशीर्ष. 5054 म्हणजे नवा रस्ता, रुंदीकरण, पूल. 3054 म्हणजे देखभाल-दुरुस्ती. 5054 च्या कामाला नारळ फुटतो, फलक लागतो. रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीतला गाळ काढल्याचा फोटो कोण छापणार? त्यामुळं तिजोरीत खडखडाट झाला की कात्री 3054 ला लागते. आमदार आले आणि म्हणाले "तुमच्या रस्त्याला निधी आणला", तर एकच विचारायचं: कुठल्या लेखाशीर्षातून?

माझं म्हणणं असं की 5054 मधून रस्ता मंजूर करतानाच त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच आदेशात लिहावा आणि दरवर्षी तो 3054 मध्ये आपोआप पडावा. हे काही आभाळातलं नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामाच्या करारातच पाच वर्षांची देखभाल धरलेली असते, आणि तिचे पैसे राज्यानं द्यायचे असतात. पाच वर्षं संपली की मात्र रस्ता बेवारस. खरी गरज तिथून पुढं सुरू होते.

आता पैसा आणायचा कुठून? टोल म्हणाल तर कोल्हापूरकराला सांगायला नको. शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला, लोकांनी तो भरला नाही, एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, आणि 2015 च्या अखेरीला तो रद्द झाला. टोल महामार्गाला ठीक आहे. पोराला शाळेत सोडायला जाणाऱ्याकडून नाक्यावर पैसे घ्यायला लागलात तर नाकाच उडणार.

इंधनावरचा कर हा जुना आणि त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग. 1927 साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठीच राखून ठेवा, असं तिनं सुचवलं. गॅलनमागं दोन आणे कर बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. गोम 'राखून ठेवा' या दोन शब्दांत आहे. आज राज्य पेट्रोल-डिझेलवर व्हॅट घेतं, गाडी घेताना वाहन कर घेतं, पण ते सगळं एकाच मोठ्या तिजोरीत पडतं आणि तिथं रस्त्याची ओळख पुसली जाते. केरळनं वाहन कराचा हिस्सा कायद्यानं पायाभूत कामांच्या मंडळाला बांधून दिला. आपणही तसा कायदा करावा, पण नव्या कामांसाठी नको, फक्त 3054 साठी. आणि आत्ताच करावा, कारण विजेवरच्या गाड्या पंपावर थांबत नाहीत. इंधनाचा कर आटत जाणार आहे.

तिसरी गोष्ट, जो रस्ता मोडतो त्यानं जास्त द्यावं. अमेरिकेत 1958 ते 1960 दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवले. त्यातून निघालेला ठोकताळा असा: आसावरचं वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळा पट होतं. वीस टक्के जादा भरलं तर नुकसान दुप्पट. आमच्याकडं गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर ज्या जिल्हा मार्गावरून जातात, तो रस्ता मुळात एसटी आणि दुचाकी धरून बांधलेला असतो. समजा एखादा कारखाना पाच लाख टन ऊस गाळतो. रस्त्यासाठी त्याच्याकडून टनाला पाच रुपये घेतले तरी पंचवीस लाख झाले, तेवढ्यात त्या परिसरातल्या मोऱ्या आणि साईडपट्ट्या वर्षभर सांभाळता येतील. पण आदेश काढताना एक ओळ विसरू नका: ही रक्कम तोडणी-वाहतुकीत धरायची नाही. एफआरपीतून, म्हणजे ऊसवाल्याला मिळणाऱ्या सरकारनं ठरवलेल्या किमान दरातून, तोडणी-वाहतूक वजा होते. ती ओळ नसेल तर पाच रुपये कारखाना भरणार नाही, ऊसवाला भरेल.

पैसा आला, आता द्यायचा कसा? खड्डे मोजून देऊ नका. खड्ड्याला पैसे म्हटलं की खड्डे कमी व्हायची कुणालाच घाई राहत नाही. किलोमीटरमागं महिन्याला ठरावीक रक्कम द्या, खड्डा ठरलेल्या दिवसांत बुजला नाही तर त्यातून कापा. पंजाबात संगरूर-मानसा-भटिंडा भागात असा दहा वर्षांचा करार झालेला आहे. मग ठेकेदार स्वतःच पाणी काढायला धावतो, कारण डांबराचा वैरी पाणी. तुम्हीही बघा: पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं गाडी उभी करा. साईडपट्टीवर गवत माजून ती रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, तर पाणी डांबरावरच थांबलेलं दिसेल. तिथल्या खड्ड्याच्या कडेची खडी हातात घ्या. धुतल्यासारखी स्वच्छ निघाली, डांबराचा अंशही नसला, तर पाण्यानं आपलं काम केलंय. तिथं नुसता माल टाकून रोलर फिरवला तर पहिल्या जोरदार पावसात तो उखडतो. आधी साईडपट्टी तासा, मग खड्डा. पूर्वी हे मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारे खात्याचे मजूर, करायचे. ते निवृत्त होत गेले, जागा भरल्या नाहीत. माझं चाललं तर पहिला पैसा त्या जागांवर घालीन.

बिल वेळेवर द्या. थकणार हे माहीत असलेला ठेकेदार एक तर दर चढवतो, नाहीतर डांबर कमी घालतो.

आणि वेळ. निधी मार्चएंडला उतू जातो आणि जूनमध्ये हातात काही नसतं. गगनबावड्याकडं पाऊस कोसळायला लागला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं, रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ येतं. तेव्हा टेंडर काढून काय उपयोग? 3054 चा पहिला हप्ता एप्रिलमध्येच उपविभागाच्या हातात पडला पाहिजे, आणि पंधरा मेच्या आत मोऱ्या साफ झाल्याचे ठिकाणासहित फोटो आले नाहीत तर दुसरा हप्ता अडवायचा.