आई-वडिलांसाठी कीपॅडचा फोन घेताय? या चुका टाळा

फोन वापरणार वडील आणि दुकानात बटणं दाबून बघणार पोरगा. सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर येणारी निम्मी गाऱ्हाणी या एका चुकीतून निघतात.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी शहराच्या पूर्व भागातले एक मामा आले. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. म्हणाले, "घंटीच वाजत नाही बघा." आधीच्या दुकानात स्पीकर गेला म्हणून बदलायला सांगितलेलं. मी स्क्रीन बघितली तर कोपऱ्यात सायलेंटची खूण! बऱ्याच साध्या फोनवर # दाबून धरलं की फोन गप्प होतो. मामांचा फोन दिसायला देखणा, पण कीपॅड पत्र्यासारखा सपाट, 0 आणि # मध्ये बोट ओळखेल अशी फटच नाही. मागांच्या खडखडाटात बटणाचा आवाज कानावर येत नाही, म्हणून मामा प्रत्येक बटण जोर लावून, वेळ घेऊन दाबायचे. 0 दाबताना अंगठा सरकायचा #वर. मुलाने मात्र दुकानाच्या शांततेत, स्वतःच्या बारीक बोटांनी फोन पसंत केला होता.

मी माझा जुना नोकिया 1100 त्यांच्या हातात दिला. 2003 चं मॉडेल, जगात 25 कोटींवर खपलेलं. बटणांवर अखंड रबर, त्यामुळे सुताचे तंतू आत शिरत नाहीत. मामांनी 5 वरचा उंचवटा चाचपला आणि न बघता घरचा नंबर लावला.

तेव्हापासून माझ्याकडे एकच परीक्षा: ज्याचा फोन, त्याने डोळे मिटून दहा आकडी नंबर तीनदा लावायचा. दोनदा चुकला तर तो फोन परत कपाटात.

दुसरी चूक मेनूची. लोक मेनूत किती गोष्टी आहेत ते मोजतात. मी "मिस्ड कॉल बघून परत फोन लावणे" एवढ्याला किती बटणं लागतात ते मोजतो. मागे यायचं बटण प्रत्येक पडद्यावर एकाच जागी आहे का, हेही बघा. ते जागा बदलत असेल तर म्हातारं माणूस दुसऱ्या दिवशी मेनूत शिरायचंच सोडून देतं.

स्पीड डायलची, म्हणजे एकच बटण दाबून धरून ठरलेला नंबर लावायच्या सोयीची, घाई मला अजिबात पटत नाही. पोरं पहिल्याच दिवशी 2 वर आपला नंबर टाकतात आणि निघून जातात. नंबर बदलला की आईला नावांची यादी उघडता येत नाही. आठवडाभर यादीतूनच फोन लावू द्या, मग शॉर्टकट. त्यातही 5 आणि 9 मोकळे सोडा. 1 जानेवारी 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे साध्या फोनवर यातलं एक बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागायला हवा.

भाषा घरात बोलतात ती नको, वाचता येते ती लावा. घरात तेलुगू किंवा कन्नड असलं तरी वाचन मराठीत झालेलं असू शकतं.

मराठीत मेसेज लिहायचे असतील तर दुकानातच "सिद्धेश्वर" लिहून बघा. दोन जोडाक्षरं, वेलांटी, मात्रा, सगळं त्यात येतं. एकेका बटणावर चार-पाच अक्षरं असतात, हलन्त (अक्षरं जोडायची पाय मोडल्याची खूण) कुठे आहे ते सापडायलाच वेळ जातो. मी हे काम गिऱ्हाइकाकडूनच करून घेतो, मागे कितीही रांग असली तरी.