खान्देशातली फुलबाग : झाड निवडताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा

रोपवाटिकेत आपण जातो ते बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा तिथलं प्रत्येक झाड हिरवंगार, फुललेलं असतं. खरी परीक्षा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर सुरू होते. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो, गरम वारं सुटतं आणि त्याच वेळी पाण्याची ओढ लागते. म्हणून रोप घेताना फुलाचा आकार आणि रंग मागाहून पाहा. झाड घराच्या कोणत्या बाजूला लागणार आणि त्याला कोणतं पाणी मिळणार, हे आधी ठरवा.

पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथं कण्हेर, बोगनवेल आणि देवचाफा हेच टिकतात. कण्हेराचे सगळे भाग विषारी असतात; घरात लहान मुलं असतील किंवा दारात शेळ्या-गुरं येत असतील तर तो लावू नका. बोगनवेलीला नुसती पानं येत असतील तर पाणी जास्त होतंय. पाण्याचा ताण दिला की ती फुलते. मोगरा, गुलाब, जास्वंद यांना पूर्वेची बाजू द्या. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळावं आणि दुपारी घराची सावली यावी. अर्धवट सावलीत अबोली आणि तगर छान येतात. अनंताचा मोह मात्र टाळलेला बरा. त्याला आम्लधर्मी माती लागते; आपली चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी यांत तो पिवळा पडत पडत जातो.

काळ्या मातीत खड्डा कसा घ्यायचा, इथं सगळ्यात जास्त चूक होते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्यात खोल खड्डा घेऊन नुसती वाळू आणि शेणखत भरलं, की आजूबाजूचं सगळं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात उतरतं आणि तिथंच साचतं. जुलैत झाड कोमेजलेलं दिसतं, आपण पाणी कमी पडलं म्हणून आणखी घालतो आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. त्यात निम्मी तिथलीच माती, चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत आणि चौथा हिस्सा जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. 200 ग्रॅम निंबोळी पेंड घाला, म्हणजे उधईचा (वाळवीचा) त्रास कमी होतो. मग जमिनीपेक्षा आठ-नऊ इंच उंच उंचवटा करून त्यावर रोप लावा. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) आणि उधई दोन्ही येतात. तापी-गिरणेकाठची पोयट्याची माती मिळाली तर वाळू-मुरमाची गरज उरत नाही. नव्या कॉलनीत अंगणाला बांधकामाचा भराव असतो. त्यातले सिमेंटचे, चुन्याचे तुकडे निवडून काढल्याशिवाय काहीही लावू नका.

लागवडीला मृगाचा पहिला पाऊस नको, जमीन आतपर्यंत ओली झाल्यावरचा जुलै चांगला. पिशवीतल्या रोपाला बहुधा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच पुरला तर आजूबाजूची माती ओली असूनही गोळा आतून कोरडा राहतो. गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या मोकळ्या करा आणि वेटोळे घेतलेली मुळं कापून टाका.

आता पाणी. बादलीला पांढरा थर बसत असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. अशा पाण्यावर नवी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. युरियाने ती जात नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि एक गोष्ट आपल्याकडे घरोघरी होते: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांना घालतात. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षाही जड होतं. आरओचं वाया जाणारं पाणीही तसंच. एसीचं पाणी मात्र बिनक्षारी असतं, ते खुशाल वापरा.

उन्हाळ्यात जमिनीतल्या झाडांना रोज थोडंथोडं देण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी सकाळी लवकर भरपूर पाणी द्या. बुंध्यापासून तीन बोटं जागा सोडून केळीच्या वाळलेल्या पानांचं चार इंच आच्छादन करा. रावेर-यावलकडे तर ती हवी तेवढी मिळतात. दुपारी जास्वंद मान टाकते, तेव्हा लगेच पाइप धरू नका. दोन इंच खाली बोट घालून पाहा. ओल असेल तर संध्याकाळी ती आपोआप सावरते.

जास्वंदीबद्दल आणखी सांगायला हवं, कारण आपला भाग कपाशीचा. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या, त्यामुळे मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे सगळे शेतातून सरळ अंगणात येतात. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जळणासाठी घरामागे रचून ठेवतात, त्यावर पिठ्या ढेकूण तग धरून राहतो. जास्वंदीशेजारी पऱ्हाटी रचू नका. शेंड्याची पानं गोळा झालेली दिसली आणि फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर पान उलटून बघा, कापसासारखा पांढरा पुंजका सापडेल. तो शेंडा चार इंच खालून कापून जाळा. उरलेल्या झाडावर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली पातळ साबण मिसळून फवारा, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतील. मुंग्या आधी हटवा. किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर मुंग्याच नेतात.

मोगरा फुलत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेकदा छाटणी न होणं हेच असतं. डिसेंबरअखेर पाणी तोडा. जानेवारीच्या शेवटी एक तृतीयांश फांद्या छाटा, पानं काढून टाका, बुंध्याजवळची माती हलकी उकरून चार-पाच दिवस ऊन लागू द्या. मग दोन-तीन किलो शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. युरिया दिला तर वेल माजते, फूल नाही.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पावसाळा सरल्यावर करा. दीड महिन्यात फूल येतं. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटलेली फांदी मुळापासून उपटून टाकली पाहिजे. ती जंगली खुंटाची असते आणि कलमाचं सगळं अन्न ओढून घेते. एप्रिल-मेमध्ये गुलाबावर 50 टक्के सावलीची जाळी धरा. पानाखाली बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा.

झेंडूचं गणित सणांवर बसतं. नागपंचमी ते दसरा साधारण 64 दिवस, मध्ये अधिक महिना आला नाही तर. रोप लावल्यापासून फूल यायला 50 ते 60 दिवस लागतात. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला बी टाकून नागपंचमीच्या पाठोपाठ येणाऱ्या कानबाईच्या सणाच्या सुमारास महिन्याचं रोप लावलं, की दसऱ्याचं तोरण घरचं होतं आणि तोडत राहिलं तर दिवाळीलाही फुलं पुरतात.

शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते. अंगणातल्या दिव्याचा किंवा रस्त्यावरच्या खांबाचा उजेड रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती नुसती वाढते, फुलत नाही. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा. फुलं संपली की झाड जमिनीलगत कापून सावलीत ठेवा आणि माती जेमतेम ओली राखा. बुडातून ज्या काश्या (नवे फुटवे) फुटतील त्या जूनमध्ये मुळांसकट वेगळ्या करून लावा, आणि वीतभर वाढल्यावर शेंडा खुडा.