घरात नवे दिवे, नवं फर्निचर करताय? सोलापूरच्या उन्हात या चुका टाळा

जुळे सोलापुरात आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. हॉलला फॉल्स सीलिंग केलं, कडेनं प्रोफाइल लाइट, म्हणजे धातूच्या पन्हाळीत बसवलेली एलईडीची पट्टी, फिरवली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, आलेले पाहुणे मान वर करून बघत होते. मग एप्रिल लागला आणि संध्याकाळी लावलेले दिवे अर्ध्या तासानं आपोआप विझायला लागले. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लागायचे. वायरमननं दोन दिवे बदलले, मग बटणांचा बोर्डही बदलला. फरक शून्य.

दोष होता सीलिंगच्या आतल्या उष्णतेत. बाहेर ४२ अंश असलं की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. स्लॅब आणि पीओपी यांच्यामधल्या पाच इंचांच्या बंद पोकळीत दिव्यांचे ड्रायव्हर भाजत होते. एलईडी दिवा घरातल्या विजेवर थेट चालत नाही. ड्रायव्हर तिला दिव्याजोगी करून देतो. त्यातल्या कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवून सोडणाऱ्या भागाचं, आयुष्य साधारण दर १० अंश वाढीला निम्मं होतं. बरे ड्रायव्हर जास्त तापले की स्वतःला वाचवायला बंद होतात, हलके सरळ जळतात. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: ड्रायव्हर सीलिंगमध्ये पुरू नका. लॉफ्टच्या कोपऱ्यात किंवा कपाटाच्या माथ्यावर, हवा खेळेल आणि हात पोहोचेल अशा ठिकाणी ते एकत्र बसवून घ्या. स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग मारला तर खोलीलाही आराम पडतो आणि दिव्यांनाही.

दिवा बिघडला की आधी नवा आणू नका. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, खाली पाडून शेजारच्या चालू, त्याच वॅटच्या दिव्याचा ड्रायव्हर बिघडलेल्या दिव्याला जोडायला वायरमनला सांगा. दिवा लागला तर दोष ड्रायव्हरचा, नाही लागला तर दिव्याचा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

बटण बंद, तरी दिवा मिणमिणतो

ही तक्रार मी इतक्या घरांत ऐकली आहे की वेगळं सांगायलाच हवं. एक कारण म्हणजे बटणावर फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रल (परतीची वायर) तोडलेली असते. दिवा बंद दिसला तरी त्याच्यापर्यंत वीज पोहोचलेली असते, म्हणून हे धोक्याचंही आहे. ताबडतोब दुरुस्त करून घ्या. दुसरं कारण साधं आहे: बटणात बारीक लाल इंडिकेटर असतो आणि त्यातून झिरपणारी वीज एलईडीला मिणमिणायला पुरते. तिथं बिनइंडिकेटरचं बटण लावा. आणि जुन्या रेग्युलेटरवर साधा एलईडी लावून तो मंद करायला जाऊ नका. तो फडफडतो आणि लवकर जातो. मंद-तीव्र करायचंच असेल तर खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेला दिवा आणि त्याला जुळणारा डिमर, दोन्ही घ्या.

स्ट्रिप लाइट पहिल्या टोकाला लख्ख आणि शेवटी फिकी पडते, कारण १२ व्होल्टच्या पट्टीत लांबीबरोबर व्होल्टेज घसरत जातं. पाच मीटरच्या पुढं एकाच टोकाकडून वीज देऊ नका. दोन्ही टोकांनी द्या किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्या. पट्टी ६० वॅटची असेल तर ड्रायव्हर किमान ७५ वॅटचा हवा. पट्टी नुसती चिकटवू नका, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवा. उष्णता त्या धातूतून बाहेर पडते. आपल्याकडं हे चोचले नव्हेत, गरज आहे.

पंखा विसरून काढलेला नकाशा

दिव्यांचे आराखडे परदेशी फोटो बघून निघतात आणि त्या फोटोंत पंखाच नसतो. सोलापुरात पंख्याशिवाय भागत नाही. पात्यांच्या वर किंवा अगदी जवळ स्पॉटलाइट आला की पाती उजेड कापत राहतात आणि खोलीभर सावली फडफडते. वाचणाऱ्याचं डोकं दुखतं, म्हाताऱ्या माणसांना गरगरतं. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन फूट पोहोचतात. त्यांच्या टोकापासून आणखी किमान दोन फूट सोडून दिवे घ्या.

उजेडाच्या रंगाचं मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळा. सगळीकडं ३००० केल्विनचा पिवळा उजेड म्हणजे सुंदर घर, असं हल्ली सांगतात. मे महिन्यात त्या उजेडात खोली आणखी गरम वाटते, असं घरोघरी ऐकू येतं. ६५०० चा निळसर पांढरा उजेड लावला तर हॉल दवाखान्यासारखा दिसतो. बसायच्या खोलीत ४००० ठेवा, झोपायच्या खोलीत ३०००. एकाच खोलीत दोन रंग हवेच असतील तर त्यांची बटणं वेगळी करा.

केल्विनपेक्षा एका आकड्याकडं फार दुर्लक्ष होतं, तो म्हणजे सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा फॉस्फरचा थर निळ्याचा पांढरा करतो, आणि स्वस्त दिव्यात लालच कमी पडतो. सोलापुरी चादरीचा गडद लाल रंग अशा उजेडात विटकरी, मेलेला दिसतो. आपल्या विणकरांनी विणलेलं वॉल हँगिंग भिंतीवर असेल तर त्याच्यावरचा दिवा ९० सीआरआयचाच घ्या. माझ्या मते घरात जास्तीचे पैसे घालायची पहिली जागा हीच.

बेड जिन्यातच अडकतो

पेठेतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद असतात आणि वळणावर कोपरा मारतात. सहा बाय साडेसहाचा तयार बेड दुकानात मोजला जातो, जिना कुणी मोजत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी बेड अखेर दोरानं गच्चीवरून चढवावा लागला. सुटा होणारा बेडच सांगा. खोलीत तो कसा बसेल हे बघायला जुनी वर्तमानपत्रं जोडून त्याच मापाचा कागद फरशीवर चिकटवा आणि दोन दिवस त्याच्या कडेनं वावरा. कपाटाचं दार उघडतं का, झाडू फिरतो का, सगळं कळतं.

हायड्रॉलिक बेड धाडकन पडत असेल तर बहुतेक वेळा गादी कारण असते. गॅस स्प्रिंगची ताकद फोमच्या हलक्या गादीला जुळवलेली असते आणि आपण तिच्यावर कापसाची जड गादी टाकतो. उलट झालं तर फळी खाली बसतच नाही. गादीचं वजन आधी सांगा, आणि स्प्रिंग बदलताना दोन्ही बाजूंच्या बदला.

भिंतीत दुमडणारा बेड किंवा लटकणारं टीव्ही युनिट लावण्याआधी भिंत विटांची आहे की हलक्या ब्लॉकची, हे ठोकून बघा. नव्या अपार्टमेंटमध्ये ब्लॉक असतात आणि त्यात साधी प्लास्टिकची गट्टी सुटते. तिथं ब्लॉकसाठीचे लांब फास्टनर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट) लागतात. लहान मुलं असतील तर यात काटकसर नकोच.

आपल्याकडं पाणी रोज येत नाही, म्हणून स्वयंपाकघरात पिंप आणि हंडे असतातच. मॉड्युलर किचनच्या चित्रात त्यांना जागा नसते, मग ते ट्रॉलीपुढं येऊन बसतात आणि खालचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, फुगतो. पाण्याची जागा आधी ठरवा. तिथं शहाबादी फरशीचा कट्टा करा, आणि सिंकखाली आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लायच, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूडच, वापरा. पश्चिमेच्या खिडकीशेजारी रेक्झिनचा सोफा ठेवू नका. तो तडकतो आणि दुपारी अंगाला चिकटतो. सुती कापडाचा घ्या, खोळ धुता येईल असा.

आणि सीलिंग बंद होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीसमोर उभं राहून वायरींचे फोटो काढा, टेप धरून, मापं दिसतील असे. पुढं कधी पडद्याचा रॉड ठोकायला ड्रिल हातात घेतलंत की आधी ते फोटो उघडा.