आठ गाड्या आणि फरकाचा रकाना

स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करून नोकरीला लागले, तेव्हा पहिलं काम मिळालं ते गाड्यांचं. टायरमधली हवा दर आठवड्याला तपासली तर आठ गाड्यांचं अ‍ॅव्हरेज वाढतं का, एवढंच सांगायचं होतं. (बोलताना अ‍ॅव्हरेज म्हणा, पण अहवालात मायलेजच लिहा, सरासरीशी गल्लत होते.)

आधीची सरासरी आली लिटरला १६.८ किमी, नंतरची १७.३. एक्सेलमध्ये दोन रकाने भरले, दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणारी टी-टेस्ट लावली. पी-व्हॅल्यू ०.६८, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज दिसू शकतो. "फरक आढळला नाही," असं लिहून दिलं. मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "प्रत्येक गाडीचा फरक कुठे मांडलायस?"

मांडला नव्हता. मग तिसरा रकाना केला: ०.६, ०.९, ०.४, ०.७, −०.१, ०.८, ०.५, ०.२. आठपैकी सात गाड्या सुधारल्या होत्या!

चूक टेस्ट निवडण्यात होती: माझी टेस्ट दोन्ही रकाने वेगवेगळ्या गाड्यांचे समजत होती. आमची जुनी व्हॅन १२.९ देत होती आणि छोटी गाडी २०.३. गाड्यागाड्यांमधल्या या मोठ्या तफावतीत अर्ध्या किलोमीटरची वाढ बुडून गेली. पेअर्ड, म्हणजे जोड्यांच्या, टेस्टमध्ये प्रत्येक गाडीची तुलना तिच्याशीच होते, त्यामुळे ती तफावत वजा होऊन जाते. फरकांची सरासरी ०.५, प्रमाण विचलन (फरकांचा विखुरलेपणा) ०.३३, त्याला ८ च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या सरासरीतली अनिश्चितता, सुमारे ०.१२. सरासरीला प्रमाण त्रुटीने भागून टी आला ४.२९. स्वातंत्र्यमात्रा ७ (आठ फरक, वजा एक) असताना ५ टक्के पातळीला तक्त्यातली किंमत २.३६५ आहे; टी त्याहून मोठा, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही. एक्सेलच्या टी-टेस्टच्या सूत्रात शेवटी २ (स्वतंत्र गट) ऐवजी १ (जोड्या) टाकायचा होता, बस्स. संख्याशास्त्रज्ञ गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या नावाने ही टेस्ट मांडली, तेव्हा त्याच्या उदाहरणातही १० रुग्णांच्या झोपेतले फरकच होते.

फरकांचं वितरण साधारण नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) असावं लागतं, मूळ आकड्यांचं नव्हे. आठच आकडे असतील तर ते ठिपक्यांनी काढून डोळ्यांनी बघा.

पण खरी मेहनत पंपावर असते. टाकी फुल करून मोजायचं तर पंप तोच, ऑटो कटला थांबायचं, वरून आणखी भरायचं नाही. ड्रायव्हर आणि रूट तेच हवेत. आम्ही 'आधी'चं मोजमाप मे महिन्यात घेतलं आणि 'नंतर'चं पावसाळ्यात. मग वाढ टायरमधल्या हवेमुळे झाली की एसी कमी चालल्यामुळे? पेअर्ड टेस्टला हे कळत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या टाकून चार गाड्यांचा क्रम उलटा ठेवला: आधी हवा तपासून, नंतर न तपासता.

आणखी एक, जे मला फार उशिरा उमगलं. लिटरला १० वरून ११ किमी झाले तर १०० किलोमीटरमागे ०.९१ लिटर वाचतं. २० वरून २१ झाले तर फक्त ०.२४. खर्चाचा प्रश्न असेल तर आधी सगळे आकडे १०० किलोमीटरमागच्या लिटरमध्ये बदला, फरक त्यानंतर काढा.