बांधकामावर बायकांचा रोजगार वाढवायचाय? या चुका टाळा

"बायका या कामात येतच नाहीत" असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन बघा, बायका उभ्या असतात. त्या बिगारी म्हणून येतात आणि वीस वर्षांनीही बिगारीच राहतात. आता तर रेडीमिक्सचा (तयार काँक्रीटचा) पंप आणि माल चढवायची लिफ्ट आली की घमेलं वाहणाऱ्यांचीच गरज आधी संपते. त्यामुळे नुसती बिगारी बायकांची भरती वाढवून काही टिकणार नाही. त्यांच्या हातात थापी आणि ओळंबा यायला हवा, म्हणजे त्या गवंडी व्हायला हव्यात.

त्यासाठी प्रशिक्षण वर्ग भरतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि तिथेच गाडी अडते. शिकलेली बाई साइटवर परतते, मुकादम पुन्हा घमेलं पुढे करतो. वास्तविक 1:6 चा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) किती पाण्यात बसतो हे तिला नजरेनेच कळतं, कारण तो रोज तीच कालवते. तिला सरावाची भिंत मिळत नाही, एवढंच. वर्ग सुरू करण्याआधीच ठेकेदाराशी बोलून ठेवा: आतली एक आडभिंत किंवा गच्चीचा कठडा दोघींच्या नावावर, शेजारी एक जाणता गवंडी, आणि मजुरी गवंड्याची. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत 'रानी मिस्त्री' म्हणजे बायका गवंडी तयार झाल्या, कारण शिकताना समोर बांधायला खरीखुरी शौचालयं होती.

जोडीची मजुरी नवऱ्याच्या हातात देणं ही जुनी खोड. समान कामाला समान वेतन हे 1976 पासून कायद्यात आहे, पण बाईची वेगळी हजेरीच नसेल तर तुलना कशाशी करणार? याचा फटका पुढेही बसतो. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हजेरीपटावर नाव नसेल तर दाखला मिळत नाही, आणि प्रसूतीचं अर्थसाहाय्यही हातचं जातं. हजेरी तिच्या नावावर, पैसे तिच्या खात्यात. यात तडजोड करू नका.

बायका महिनाभरात काम सोडत असतील तर आधी शौचालय बघा. काम बाराव्या मजल्यावर आणि शौचालय गेटपाशी, त्यालाही आतून कडी नाही, अशा ठिकाणी बायका दिवसभर पाणी पिणं टाळतात. वर चार-पाच मजल्यांमागे एक सोय करा, कडी आणि दिवा लावा.

मग मूल. 1996 च्या कायद्याने पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. छोट्या साइट त्यात बसतच नाहीत, म्हणून तान्ही मुलं वाळूच्या ढिगाजवळ झोपलेली दिसतात. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेश' (फिरतं पाळणाघर) सुरू केलं, तेव्हा वाट नवी नाही. शेजारच्या दोन-तीन बिल्डरांनी मिळून एक खोली आणि एक ताई ठेवली तरी खर्च वाटला जातो.

सुरक्षा पट्टा साडीवर बसत नाही, कारण त्याचे पट्टे मांड्यांभोवती येतात. पुरुषांच्या मापाचे बूट पायातून निसटतात. तिला पँट-शर्ट आणि लहान मापाचे बूट द्या. "उंचीवरचं काम बायकांना जमत नाही" हा शेरा त्यानंतरच मारा.

दहा किंवा जास्त कामगार असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, आणि त्याहून लहान साइटसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीचा नंबर मुकादमाच्या डायरीत ठेवू नका, शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.